नास्तिक नंबर वन आणि उणकलचा कावळा

प्रभंजन इनामदार हरला. तीन वर्षं चाललेला वाद तो उणकल तळ्याच्या काठावर, भर उन्हात, अनवाणी पायांनी एका कावळ्याकडून हरला, आणि जिंकल्यावर कावळ्यानं जिंकल्यासारखं तोंडही केलं नाही.

आता हे असं काही झालंच नाही असं धरून पुढं जाऊ. प्रभंजन स्वतः सगळ्यांना तेच सांगतो. त्या दिवशी सकाळी कुठं होतास, असं आईनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, कॅफेत. मामानं विचारलं तेव्हा म्हणाला, घरी. आई आणि मामा एकमेकांशी बोलत नसल्यामुळं ही व्यवस्था आजतागायत नीट चालली आहे.

कॅफे मामाचं. कोप्पीकर रोडवर, साड्यांच्या दुकानाच्या वर, अरुंद जिन्यानं चढून जायचं. साल दोन हजार पाच. लोक तिथं रिझल्ट बघायला, बायोडेटा छापायला आणि दार लावून घेता येतं अशा खोपटात बसून इतर गोष्टी बघायला येत. प्रभंजन काउंटरवर बसायचा. बी.एस्सी. झालेलं, नोकरी नाही, आणि समोरच्या मशीनवर दिवसभर फुकट इंटरनेट. या तीन गोष्टी एकाच माणसाकडं आल्या की तो देवाशी भांडायला लागतो. देव ऑनलाइन नसल्यामुळं त्याच्या माणसांशी.

भांडणाची जागा होती ‘आपलं हुबळी-धारवाड’ नावाचा एक चर्चेचा फळा. न्यू जर्सीतल्या एका गृहस्थानं तो घरची आठवण येणाऱ्या मराठी मंडळींसाठी काढला होता. मंडळी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची आणि मधेच कन्नडात चिडायची. मिरची भज्यांवर सुरू झालेली चर्चा दुपारपर्यंत सीमाप्रश्नावर आणि संध्याकाळपर्यंत एकमेकांच्या आजोबांवर जायची. प्रभंजननं तिथं ‘नास्तिक नंबर वन’ हे नाव घेतलं होतं. नुसतं ‘नास्तिक’ घ्यायचं होतं, पण ते आधीच गेलेलं होतं, आणि ते घेतलेला सभासद एकादशीला चालणारे पदार्थ कसे करावेत ते लिहायचा.

एम.व्ही.एन. नावाच्या सभासदाशी त्याची गाठ इथंच पडली.

एम.व्ही.एन. सगळं मोठ्या अक्षरांत लिहायचे. पहिले सहा-आठ महिने प्रभंजनला वाटत होतं, हा माणूस आपल्यावर ओरडतोय. त्यामुळं तोही ओरडायचा. निवडणुकीवर ओरडून झालं, गायीवर झालं, बेळगाव कुणाचं यावर तर दोघंही आलटूनपालटून दोन्ही बाजूंनी ओरडले. मग एकदा म्हाताऱ्यानं विचारलं, अक्षरं लहान कशी करायची, माझी आपोआप मोठी येतात. प्रभंजननं कुठलं बटण दाबायचं ते सविस्तर समजावलं. लगेच उत्तर आलं, धन्यवाद, आता नीट झालं. तेही मोठ्या अक्षरांतच. त्या दिवसापासून प्रभंजन त्यांना काका म्हणायला लागला. भांडण मात्र सोडलं नाही. ते सोडलं असतं तर काका म्हणायला निमित्त उरलं नसतं.

काका न्यू जर्सीत असतात, असं तो धरून चालला होता. हुबळीची आठवण हुबळीत बसून कोण काढतो? आपण काढतो, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. कुठं राहता, एवढा एक प्रश्न त्यानं तीन वर्षांत विचारला नाही. देव आहे का, हे मात्र रोज विचारलं.

कशावरही भांडले तरी दोघं शेवटी एकाच फांदीवर येऊन बसायचे. कावळ्यावर. माणूस गेल्यावर दहाव्या दिवशी पिंड मांडतात आणि कावळा शिवायची वाट बघतात. शिवला तर गेलेला तृप्त. नाही शिवला तर त्याचं काहीतरी राहिलंय. मग घरचे हात जोडून एकेक आठवून सांगतात, मुलीचं लग्न लावू, घर विकणार नाही, अमक्याशी भांडण मिटवू. काका म्हणायचे, यात खोटं काय आहे? प्रभंजन म्हणायचा, कावळ्याला भूक कळते, काका, इच्छापत्र कळत नाही.

हे तो एवढं जोर लावून का म्हणायचा, ते त्यानं फळ्यावर एकदाच लिहिलं होतं. तो अकरा वर्षांचा असताना वडील गेले. दहाव्याला कावळा आला नाही. सगळ्यांनी सगळं सांगून पाहिलं. मग कुणीतरी म्हणालं, बापाचा जीव पोरात अडकलाय, पोराला बोलू द्या. पोरगं पुढं झालं. मी अभ्यास करीन, म्हणालं. पहिला नंबर काढीन. आईला त्रास देणार नाही. इंजिनियर होईन. इंजिनियर म्हणजे काय ते त्याला नीट माहीत नव्हतं, पण मागून मामा सुचवत होता. कावळे समोरच्या भिंतीवर बसून राहिले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक जेवायला गेले. त्या दिवशी त्या पोरापुढं दोनच वाटा होत्या. कावळा मूर्ख आहे, नाहीतर बापाला आपल्यावर भरवसा नाही. त्यानं कावळा निवडला. तेव्हापासून तो नास्तिक.

हे वाचून एम.व्ही.एन.नी तिसऱ्या दिवशी लिहिलं, “कावळा त्या दिवशी दुसरीकडे जेवून आला असेल. पक्षीच तो. त्याला काय कळतंय.”

आयुष्यभर संध्या करणाऱ्या माणसानं आपली सगळी बाजू एका ओळीत सोडून दिली. आणि प्रभंजननं काय केलं? ती ओळ उचलली, ठळक केली, आणि त्यानंतर प्रत्येक भांडणात त्यांच्याच तोंडावर मारली. पक्षीच तो, त्याला काय कळतंय, इति एम.व्ही.एन. म्हातारा दर वेळी मार खाऊन घ्यायचा. ‘मी ते तुझ्यासाठी लिहिलं होतं’, असं एकदाही म्हणाला नाही.

फेब्रुवारीत त्यानं ती ओळ पुन्हा एकदा टाकली आणि खाली लिहिलं, आता लेखी कबूल करा. उत्तर आलं नाही. आठवडाभरानं त्यानं खाली आणखी एक ओळ घातली, “काय काका, झोपला काय?”

त्यानंतर पंधरवड्यानं सकाळी कॅफेत त्याचा मोबाइल वाजला.

“हॅलो, नास्तिक काय?” बाईचा आवाज होता.

समोर हॉलतिकीट छापून घ्यायला एक बाई मुलीला घेऊन उभ्या होत्या. प्रभंजन तोंडावर हात धरून म्हणाला, “होय. आपण?”

“मी दीपश्री. एम.व्ही.एन. म्हणजे माझे अप्पा. मुकुंदराव नाडगीर. आम्ही नवनगरचे.”

“नवनगर? कुठलं नवनगर?”

“कुठलं म्हणजे? हुबळी-धारवाडच्या मधलं. दुसरं कुठं आहे?”

“काका न्यू जर्सीत नाहीत?”

“न्यू जर्सीत आमचा अण्णा असतो. अप्पा तिकडं एकदा गेले होते, थंडी सोसंना म्हणून महिन्यात परत आले. अप्पा गेले हो. आज दहावा.”

प्रभंजनच्या डोक्यात पहिली गोष्ट आली ती अशी, की नवनगरला सिटी बस जाते. दर थोड्या वेळानं एक जाते. कंडक्टर इथं खालीच ओरडत असतो.

“आम्ही उणकलला तळ्यावर आहोत,” दीपश्री म्हणाली. “कावळा शिवेना झालाय. सगळं सांगून झालं. मग मला आठवलं, दवाखान्यात अप्पा म्हणत होते, त्या पोराला उत्तर द्यायचं राहिलं. फळ्यावरचं पोर ते कळलं, पण त्याला गाठायचं कसं ते कळंना. आत्ता त्यांच्या मोबाइलमध्ये बघितलं तर तुमचा नंबर. ‘नास्तिक’ म्हणूनच घालून ठेवलाय.”

नंबर त्यानंच दिला होता. मागं एकदा तावातावानं फळ्यावर लिहिला होता, हिंमत असेल तर फोन करा म्हणून. काकांनी उत्तर दिलं होतं, वाद लेखी असावा, आवाज चढतो.

“मग मी काय करू?”

“या.”

“ताई, मी हे मानत नाही.”

“ते माहीत आहे. फोनमध्ये तेच लिहिलंय की. पण या.”

कॅफेत गिऱ्हाइकं होती. प्रभंजननं त्यांना बसा म्हणून सांगितलं, ती बसलेलीच होती. हॉलतिकीटवाल्या बाईंना काउंटरवर लक्ष ठेवायला सांगितलं, आणि त्या लगेच आत जाऊन मामाच्या खुर्चीत बसल्या. मामाची लूना घेऊन तो निघाला.

वाटेत त्याला एकच गोष्ट सतावत होती. दुःख अजून पोचलं नव्हतं, ते मागून सिटी बसनं येत असावं. सतावत होतं ते हे : कावळा यायला नको. आज, इथं, काकांसाठी कावळा आला, म्हणजे कावळ्याला कळतं. कावळ्याला कळतं, तर मग तेव्हा का आला नव्हता? तेरा वर्षं एक मूर्ख पक्षी सांभाळून ठेवला होता. तो शहाणा निघाला तर बापाचं काय करायचं?

तळ्याकाठी करंजाच्या झाडाखाली मंडळी थांबली होती. मंडळी म्हणजे गुरुजी, ओल्या पंचातला श्रीवत्स, म्हणजे दीपश्रीचा न्यू जर्सीहून आलेला अण्णा, आणि जरा लांब, बायकांनी इथं यायचं नसतं हे गुरुजींचं म्हणणं ऐकून न ऐकल्यासारखी उभी असलेली दीपश्री. ती धारवाडच्या एका शाळेत शिकवायची, आणि उशिरा आलेल्या मुलाकडं बघावं तशी तिनं प्रभंजनकडं बघितलं. जमिनीवर पत्रावळीत पिंड होते. शेजारी कागदावर गिरमिट होतं, चुरमुरे, कांदा, वर भरपूर शेंगदाणे. मुकुंदरावांना आवडायचं म्हणून स्टेशनजवळच्या गाड्यावरून मुद्दाम आणलेलं. करंजावर आठ-दहा कावळे होते, आणि सभेला आलेत पण ठरावाला हात वर करायचा नाही असं आधीच ठरवून आलेल्या सभासदांसारखे दुसरीकडं बघत होते.

“हे नास्तिक,” दीपश्रीनं ओळख करून दिली.

“बर्री, बर्री,” गुरुजींनी कन्नडात या म्हटलं, आणि मग मराठीत आले, “केवढा उशीर केलात. चपला काढा.”

“मी मानत नाही, गुरुजी.”

“मानू नका. चपला काढून मानू नका.”

प्रभंजननं चपला काढल्या. जमीन तापली होती.

श्रीवत्स थकल्या आवाजात म्हणाला, “मी सगळं सांगून पाहिलं. घर ठेवतो म्हटलं. दीपाकडं लक्ष देतो म्हटलं. आईला अमेरिकेला नेतो म्हटलं.”

“ते म्हणायला नको होतं,” गुरुजी म्हणाले. “एक जरा खाली आला होता, तेवढं ऐकून परत वर गेला.”

“काय म्हणायचं मी?” प्रभंजननं दीपश्रीला विचारलं.

“तुमचा वाद काय होता ते तुम्हालाच माहीत. मिटवा की.”

प्रभंजन पिंडासमोर उभा राहिला. हात कुठं ठेवायचे कळेना, म्हणून त्यानं त्यांना लूनाची किल्ली धरायला दिली. घसा खाकरला.

“काका, मी हरलो. तुमचं बरोबर होतं. कावळ्याला कळतं.”

झाडावर एक कावळा दुसऱ्याच्या मानेत चोच घालून काहीतरी शोधत होता. त्याला ते सापडलं. बाकी काही झालं नाही.

“हे खोटं बोललात,” दीपश्री मागून म्हणाली.

“होय.”

“अप्पांना चालत नव्हतं. शाळेत मला नापास झाल्याचं सांगायला भीती वाटली नाही कधी, पण पास झाले म्हणून खोटं सांगितलं तेव्हा दोन दिवस बोलले नव्हते. खरं काय ते बोला.”

“खरं म्हणजे भांडण होईल, ताई.”

“मग भांडा. ते तेच करत होते ना तुमच्याशी?”

गुरुजींनी श्रीवत्सकडं बघितलं. श्रीवत्सनं घड्याळ बघायला मनगट वर केलं, तिथं घड्याळ नव्हतं, बोटात दर्भ होता.

प्रभंजन बोलायला लागला. आधी चाचरत, मग कीबोर्डवर बसल्यासारखा. “काका, मुद्दा पहिला. इथं गाडी लावायला जागा नाही एवढी माणसं रोज पिंड घेऊन येतात. कावळ्यांची पोटं भरलेली आहेत. मुद्दा दुसरा. तुम्हाला नेहमी वाटायचं, माणसं मेलेल्याला विचारतात ते बरं करतात. मग जिवंतपणी का विचारत नाहीत? तुम्ही नवनगरला राहत होता. मी कोप्पीकर रोडला. मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. कशाला मग ही अक्कल पाजळत होतो दोघं? बेळगाव कुणाचं ते ठरवत होतो, आणि बाजूच्या वसाहतीत कोण राहतं ते ठाऊक नाही.”

“अहो, हे श्राद्धकर्म आहे,” गुरुजी पुटपुटले.

“बोलू द्या,” दीपश्री म्हणाली.

“मुद्दा तिसरा,” प्रभंजन म्हणाला आणि थांबला. तिसरा मुद्दा तयार नव्हता. तो फळ्यावरही असाच आकडा आधी टाकायचा आणि मुद्दा मागून शोधायचा. पण तिथं शोधायला वेळ मिळायचा. इथं पाय भाजत होते.

“मुद्दा तिसरा,” तो पुन्हा म्हणाला, आणि आवाज एकदम लहान झाला, बटण दाबल्यासारखा. “तुम्ही ते मुद्दाम लिहिलं होतं. पक्षीच तो म्हणून. तुम्हाला तसं वाटत नव्हतं. माझ्या बाबांसाठी तुम्ही मुद्दाम हरलात. ते मला कळलं होतं, काका. वाचलं त्याच दिवशी कळलं होतं. कळल्यावर पण मी ते वापरत राहिलो, कारण तुम्ही परत काहीतरी लिहायचा.”

आणि करंजावरून एक कावळा उतरला.

तो आधी गिरमिटाकडं गेला. एक शेंगदाणा उचलला, खाली टाकला, दुसरा बघून घेतला. मग पत्रावळीच्या कडेवर उभा राहिला, मान वाकडी करून प्रभंजनकडं बघितलं, पिंडात चोच घातली आणि शेंगदाण्यासकट उडून गेला.

“शिवला!” गुरुजी म्हणाले आणि लगेच सामान आवरायला लागले. त्यांना पुढं धारवाडला जायचं होतं.

“आधी शेंगदाणा घेतला,” प्रभंजन म्हणाला. कुणी ऐकलं नाही. “गिरमिटासाठी आला असेल,” तो जरा मोठ्यानं म्हणाला. श्रीवत्स तळ्याकडं तोंड करून रडत होता आणि त्याचे खांदे हलत होते. यावर काका काय म्हणाले असते ते प्रभंजनला अक्षरन् अक्षर ठाऊक होतं. मग आपण काय म्हटलं असतं तेही. मग ते काय म्हणाले असते. तिथून पुढचं तीन-चार दिवसांचं भांडण त्याला तयार दिसत होतं, मोठ्या अक्षरांत, आणि ते करायला कुणी नव्हतं. तेवढ्यात ती सिटी बस पोचली असावी. तो तिथंच मातीत बसला.

दीपश्रीनं त्याच्या चपला आणून पुढं ठेवल्या.

“तुमचं लिहिलेलं अप्पा जेवताना वाचून दाखवायचे,” ती म्हणाली.

“शिव्या घालत असतील.”

“छे हो. एखाद्या दिवशी तुमचं काही आलं नाही की आईला म्हणायचे, भागीरथी, आज पोरानं लिहिलं नाही बघ. ताप आला असंल.”

प्रभंजननं चपला घातल्या. डावी उजव्या पायात घातली, ते त्याला कोप्पीकर रोडला जिना चढताना कळलं. कॅफेत सगळं ठीक होतं. हॉलतिकीटवाल्या बाईंनी दोन नवीन गिऱ्हाइकं बसवली होती आणि एकाला खोपटाचं दार उघडं ठेवायला लावलं होतं.

त्यानं मशीन लावलं. घडलं ते काकांना सांगावं, या नुसत्या सवयीनं फळा उघडला. दीपश्रीनं सकाळीच भावाच्या ओळखीनं न्यू जर्सीला कळवलं असावं. वर काळ्या चौकटीत दोन ओळींची श्रद्धांजली होती, आणि खाली लिहिलं होतं, आदराप्रीत्यर्थ ही चर्चा कायमची बंद करण्यात येत आहे. आता तिथं कुणालाही काही लिहिता येणार नव्हतं. चर्चेच्या तळाशी, जगाच्या अंतापर्यंत शेवटची, त्याचीच ओळ राहिली होती. काय काका, झोपला काय?

बाहेर कंडक्टर नवनगर, नवनगर म्हणून ओरडत होता. मग प्रभंजननं ते अक्षरं मोठी करायचं बटण दाबलं, आणि ते तसंच ठेवून लिहायला घेतलं.

प्रति,
मा. व्यवस्थापक,
‘आपलं हुबळी-धारवाड’, न्यू जर्सी.

विषय : मयत सभासदास उत्तरासाठी मुदतवाढ मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज करतो की, सभासद श्री. एम.व्ही.एन., राहणार नवनगर, यांच्याशी अर्जदाराचा कावळ्यासंबंधीचा वाद आपल्या फळ्यावर प्रलंबित आहे. उणकल येथे कावळा शिवला, ही बाब अर्जदारास मान्य आहे. शेंगदाण्याबाबतची हरकत अर्जदार मागे घेत आहे. तथापि कावळा उणकल येथे शिवला, तर अर्जदाराच्या वडिलांच्या वेळी का शिवला नाही, असा प्रश्न त्यामुळे नव्याने उपस्थित झाला असून, त्याचा खुलासा सदर सभासदांखेरीज अन्य कोणीही करू शकत नाही. त्यांनी यापूर्वी केलेला खुलासा, म्हणजे कावळा त्या दिवशी दुसरीकडे जेवून आला असेल, याचा अर्जदाराने वादात गैरवापर केला होता. तोच खुलासा पुन्हा मिळाल्यास अर्जदार तो कोणतीही हरकत न घेता स्वीकारील.

तरी सदर चर्चेचे कुलूप काढण्यात यावे, आणि सभासदांचे आजारपण व त्यानंतरची अनुपस्थिती विचारात घेऊन, त्यांना उत्तर देण्यासाठी योग्य ती मुदतवाढ मंजूर करण्यात यावी, ही नम्र विनंती.